थेंब म्हणजे थेंब

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की वेलिंग्टनमधल्या आमच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या सुपरमार्केटात दाराशीच एक जादा टेबल मांडतात. त्यावर उंच खोक्यांतले इटालियन केक, बदामाची बिस्किटं, चकचकीत कागदातली चॉकलेटं आणि एका कडेला, कोणाच्या फारशा नजरेत न भरणाऱ्या, त्या लाल बाटल्या. काचेच्या, वीतभरही उंच नसलेल्या, सहा-सहाच्या पुठ्ठ्यात बसवलेल्या. आत शाळेतल्या बाईंच्या लाल शाईच्या रंगाचं पाणी. इटलीत म्हणे संध्याकाळी जेवणाआधी लोक हे पितात. कडू सोडा. दारू नाही, पण ग्लासात ओतला, बर्फ टाकला, कडेला संत्र्याची चकती अडकवली की दारूपेक्षा जास्त दारू दिसतो.

या वर्षीही मी एक पुठ्ठा उचलला. काउंटरवरच्या मुलीने स्कॅन करता करता विचारलं, "हॅविंग पीपल ओव्हर?" मी म्हटलं, "या, जस्ट अ फ्यू." कशाला खोटं बोलले कोण जाणे. माझ्याकडे कोणी येणार नव्हतं. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी तिथे काउंटरवरच मोडलं. पण मला सांगायचंय ते पाचव्याबद्दल.

आम्ही बौद्ध. पंचशील आमच्या घरी भिंतीवर टांगायला नव्हतं, रोजच्या वापराला होतं. त्यातलं पाचवं, नशेपासून लांब राहण्याचं, हे बाबांचं खास. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत ते दर रविवारी विहारात वंदना झाली की उभे राहायचे आणि दारूवर बोलायचे. आवाज चढवायचे नाहीत. फक्त शेवटी म्हणायचे, "थेंब म्हणजे थेंब." या वाक्यावर वस्तीतली पोरं त्यांच्या पाठीमागे नकला करायची. मीसुद्धा केल्यात.

मी इथे शिकायला निघाले तेव्हा विमानतळावर त्यांनी मला ना जपून राहा म्हटलं, ना फोन कर म्हटलं. पाचच शब्द बोलले, त्यांतले तीन हेच होते. उरलेले दोन, "लक्षात आहे?"

लक्षात होतं. पण शिक्षण संपून इथेच नोकरी लागली, आणि शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातली सगळी मंडळी समोरच्या पबमध्ये जायची तेव्हा हातांचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. जमिनीखालच्या पाइपांतल्या गळत्या शोधणं हे माझं काम. दिवसभर मी बूट घालून रस्त्यावर, कानाला यंत्र लावून पाण्याचा आवाज ऐकत असते, तिथे मला कुणाचीही भीती वाटत नाही. पबमध्ये मात्र हात रिकामे असले की माणूस उघडा पडतो. लोक येऊन विचारतात, "कॅन आय गेट यू समथिंग?" आपण नको म्हणतो. ते पुन्हा विचारतात. मग त्यांनाच अवघडल्यासारखं होतं आणि ते दुसरीकडे सरकतात. पहिले काही महिने मी पाण्याचा ग्लास धरून भिंतीशी उभी राहायचे आणि सात वाजले की जॅकेट घ्यायचे.

मग मला लेमन, लाइम अँड बिटर्स सापडलं. इथल्या प्रत्येक पबमध्ये मिळतं. गाडी चालवणारे घेतात, गरोदर बायका घेतात, लहान मुलांनाही देतात. लिंबाचा सोडा आणि त्यात लालसर छटा. माझी मोठीच सोय झाली. हातात उंच ग्लास, आजूबाजूला माणसं. तीन वर्षं मी दर शुक्रवारी मोठ्या थाटात ते मागवलं. लोक मला पार्ट्यांना बोलवायला लागले. मी हसायला लागले. दर रविवारी बाबांना फोनवर सांगायचे, "इथे सगळे पितात हो, पण मी नाही." आणि ते म्हणायचे, "शाबास."

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर. ऑफिस नाताळसाठी बंद व्हायच्या आधीचा शुक्रवार. माझ्या शेजारी मेगन उभी होती, आमच्या टीममधली. बारवरच्या पोराने माझ्या ग्लासात एका कागद गुंडाळलेल्या बाटलीतून झटके देत थेंब टाकले. मेगन म्हणाली, "आय थॉट यू डिडन्ट ड्रिंक?"

"आय डोन्ट."

"बट बिटर्स इज ऑलमोस्ट हाफ अल्कोहोल, यू नो. इट्स ओन्ली अ फ्यू ड्रॉप्स, दो. डझन्ट काउंट."

डझन्ट काउंट. ती माझं समाधान करायला बोलली होती. मी ग्लास काउंटरवर ठेवला आणि टॉयलेटमध्ये जाऊन चूळ भरली. तीन वर्षांचं काय एका चुळीत निघणार होतं?

आता इथे बाबांची ओळख नीट करून द्यायला हवी. ते म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मिक्श्चर करायचं, बाटलीत भरायचं, वर कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर टाकाने लिहायचं. नाव. कधी घ्यायचं. कसं घ्यायचं. तीन ओळी. मिक्श्चरं बंद होऊन गोळ्या आल्या, टाक जाऊन बॉलपेन आलं, ते निवृत्तही झाले, पण हात थांबला नाही. आमच्या घरात हळदीच्या बरणीवरसुद्धा पट्टी होती. माझ्याही बाटलीवर होती. सहा-सात वर्षांची असताना मी काडीसारखी होते, ताटावर बसले की रडायचे. तेव्हा त्यांनी बाजारातून द्राक्षासव आणलं. तांबूस, गोडसर, जिभेला ओढ लावणारं. वर पट्टी: "सुजाता. जेवणाआधी. दोन चमचे." मला ते भारी आवडायचं. आणि त्यानंतर मी दोन पोळ्या खाऊन वर गाणी म्हणायचे, असं आई मरेपर्यंत सांगत होती.

त्या दिवसांतलीच एक संध्याकाळ मला आठवते. दाराशी दिनूकाका आला होता. दिनकर, बाबांचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा. महिन्यातून एकदा यायचा आणि मला खिशातून पेरू काढून द्यायचा. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता, कारण बाबा उंबऱ्याच्या आत हात आडवा लावून उभे होते. काका हसत म्हणाला, "दादा, अंग दुखतं रे दिवसभर. औषधापुरतं घेतो." बाबा म्हणाले, "थेंब म्हणजे थेंब. आत यायचं नाही." काकाने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो पायरीवर पेरू ठेवून गेला. बाबांनी दार लावलं. पुढे दीडेक वर्षात काका गेला, कुठल्यातरी धाब्याजवळ, त्याच्या ट्रकमध्येच. आमच्याकडे त्याचं नाव फारसं निघत नसे.

तर अशा बापाला मला सांगायचं होतं. कोणी विचारेल, कशाला सांगायचं? नकळत झालेलं. तिथून त्यांना काय दिसणार होतं? पण आई गेल्यापासून आमच्या दोघांत रविवारचा तो एक फोन उरला होता, आणि त्या फोनमध्ये तरी काय होतं? मी नाही म्हणायचं आणि त्यांनी शाबास म्हणायचं, एवढंच. तेही खोटं करून टाकलं तर मग उरलं काय?

माझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यांच्याकडे सकाळचे दहा. ते नुकतेच विहारातून आलेले असायचे. मी एका दमात सांगून टाकलं. "बाबा, मला माहीत नव्हतं हो. औषधाचे थेंब टाकतात तसे टाकतात."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"औषधाचे," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी, "बरा आहे. ठेवतो." त्याच्या पुढच्या रविवारी तेवढंही नाही, नुसती रिंग.

वेलिंग्टन नाताळात रिकामं होतं हे न अनुभवता कळायचं नाही. सगळे कुठे कुठे समुद्रकाठी जातात, टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे आणि जँडल्स म्हणजे रबरी चपला घेऊन, दोन-तीन आठवडे. ट्रेन मोजक्या, रस्ते मोकळे, कोपऱ्यावरच्या डेअरीवर, म्हणजे इथल्या किराणा दुकानावर, 'बॅक सून'ची पाटी. पोहुतुकावाची झाडं मात्र लाल फुलांनी भरलेली आणि खाली त्या लाल तुसांचा सडा, तुडवायलाही कोणी नाही. ऊन नऊपर्यंत जात नाही. मला कधी कधी वाटतं, हिवाळ्यात अंधार तरी लवकर पडतो, माणूस गुमान पांघरूण घेतो. उन्हाळ्यातल्या त्या लांबलचक उजेडात एकटेपण लपवायला जागा नसते. त्या वर्षी मी स्वयंपाक करणंही सोडलं होतं. उभ्याउभ्या टोस्ट खायचे. भूकच लागत नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी मागच्या पायऱ्यांवर फोन कानाला लावून उभी होते. आमची घरं उतारावर आहेत, त्यामुळे माझ्या पायऱ्यांवरून खालच्या घराचा लाकडी डेक दिसतो. तिथे रोझा बसायची. ऐंशीच्या पुढची, एकटी. तिचे आजोबा इटलीहून मासेमारीसाठी इथल्या आयलंड बे या समुद्रकाठच्या वस्तीत आले आणि तिथेच राहिले. तोपर्यंत आमचं बोलणं 'किया ओरा' हा इथला नमस्कार आणि कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी, याच्या पुढे गेलं नव्हतं. तिने मान वर करून हाक मारली, "डार्लिंग, यू आर ऑन द फोन टू नोबडी. कम. सिट."

टेबलावर वाटीत ऑलिव्ह, दुसऱ्या वाटीत साधे वेफर आणि त्या दोन लाल बाटल्या. मी आधीच हात वर केले. "आय डोन्ट ड्रिंक."

"नायदर डू आय. हार्ट पिल्स." तिने बाटली माझ्यापुढे धरली. "आय गेव्ह अप द वाइन. नॉट द अवर."

मी लेबल वाचलं. पुढून, मागून, आडवं धरून. रोझा शांतपणे वाट पाहत बसली. मग मी घोट घेतला.

आधी गोड लागतं. मग संत्र्याच्या सालीचा वास येतो. आणि आपण बेसावध झालो की जिभेच्या मुळाशी कडू उगवतं आणि जाता जात नाही. मी मोठ्याने म्हटलं, "अय्या, किराईत!" लहानपणी ताप उतरला की तोंडाला चव यावी म्हणून बाबा किराइताच्या काड्या पाण्यात भिजवून ते पाणी पाजायचे. रोझाला हे कसं सांगणार? नंतर वाचलं, असल्या कडू पेयांत एका डोंगरी झाडाचं मूळ घालतात, आणि ते झाड किराइताच्याच कुळातलं आहे. बाबा आणि इटालियन लोक एकच गोष्ट करत होते, फक्त इटालियन लोकांनी ती सुंदर ग्लासात ओतली होती.

"अपेरितीवो," रोझा म्हणाली. "मीन्स इट ओपन्स."

"ओपन्स व्हॉट?"

"युअर स्टमक. सम डेज, युअर माउथ."

तोंड माझंच उघडलं. थेंबाची सगळी गोष्ट मी तिला सांगितली. ती खोकला येईपर्यंत हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "ही इज नॉट अँग्री. अँग्री मेन टॉक."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी वरणभात लावला आणि बसून जेवले.

मग रोजच जायला लागले. साडेपाच वाजले की ती दोन बाटल्या काढायची. बोलायचो असंही नाही. कधी ती तिच्या नवऱ्याबद्दल सांगायची, कधी आम्ही वारा केवढा आहे यावर एकमत करायचो. पेला अर्ध्या तासात संपायचा. तेवढा अर्धा तास मला माझे हात कुठे ठेवू असं वाटत नसे.

पाचव्या रविवारी मी तिच्याच डेकवर होते आणि फोन वाजला. बाबांचा. त्यांनी आपणहून फोन केला असं पूर्वी फक्त आई गेली तेव्हा झालं होतं.

"सुजाता, वेळ आहे?"

"आहे बाबा, बोला."

"तू म्हणालीस ना, औषधाचे थेंब. ते डोक्यातून गेलं नाही. मी बाजारात गेलो. द्राक्षासवाची बाटली आणली, तुला पाजायचो ती. भिंग लावून वाचली. त्यावर लिहिलंय. आपोआप तयार झालेलं अल्कोहोल. किती, तेसुद्धा लिहिलंय."

माझ्या तोंडून हसूच फुटलं. सुटल्याचं हसू होतं ते. "म्हणून मी गाणी म्हणायचे होय!"

ते हसले नाहीत. "मी कंपाउंडर. पस्तीस वर्षं लोकांना लेबलं वाचून दाखवली. हे वाचलं नाही. का वाचलं नसेल गं?"

"बाबा, औषध होतं ते."

"दिनूही तेच म्हणाला होता." पंख्याचा आवाज. "मी त्याला दारातून परत पाठवला. दार लावलं, आत आलो, आणि तुला दोन चमचे पाजले. त्याच संध्याकाळी. चमचा धुतला, ठेवला. मला काहीसुद्धा वाटलं नाही."

रोझा उठून आत गेली. तिला शब्द कळत नव्हते, तरी गेली. मी एवढंच म्हणू शकले, "बाबा, मी आहे फोनवर." ते म्हणाले, "हो, ठेवू नकोस." मग आम्ही दोघंही कितीतरी वेळ फोन धरून बसलो, ते तिकडे सकाळच्या उन्हात आणि मी इकडे संध्याकाळच्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "काय करत होतीस?"

"शेजारच्या आजींकडे बसलेय. कडू सोडा पितेय. दारू नाही."

"वाच."

मी वाचलं. पाणी, साखर, कार्बन डायऑक्साइड, सायट्रिक ॲसिड, वनस्पतींचे अर्क, रंग.

"अर्क कशात काढलाय?" कंपाउंडर जागा झाला. "अर्क बहुतेक दारूतच काढतात. ते लेबलवर देत नाहीत."

मी ग्लास खाली ठेवला. "मग नको पिऊ?"

माझ्या उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून न ऐकलेलं ते म्हणाले. "असू दे. पी."

पुढल्या सगळ्या रविवारांचा तोच शिरस्ता झाला. मी लेबल वाचायचे, ते अर्काशी अडवायचे, मग म्हणायचे, असू दे, पी. विहारात ते अजून बोलायचे, पण ते शेवटचं वाक्य त्यांनी सोडलं होतं, असं वस्तीतल्या एका मावशींनी मला सांगितलं. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं म्हणे.

दोन वर्षांनी घरी गेले तेव्हा कपड्यांत गुंडाळून दोन बाटल्या नेल्या. बाबांनी स्टीलच्या पेल्यात ओतून घेतलं. लाल रंगाकडे जरा संशयानेच पाहिलं. घोट घेतला आणि डोळे मिटले. "किराईत आहे हे. साखर घातलेलं." पण संपवलं, पेला उपडा करून. मग रिकामी बाटली हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "माणसाला चार माणसांत बसायला हातात काहीतरी लागतं गं. दिनूला मी काहीच दिलं नाही. साधा चहासुद्धा नाही. नुसतं नाही म्हटलं." दुसरी बाटली त्यांनी औषधांच्या कपाटात ठेवली. मला वाटलं, पुरवून पितील आणि विसरतील.

रोझा त्याच सुमाराला टौरंगाला मुलाकडे गेली. तिचा डेक आता एका तरुण जोडप्याचा आहे, त्यांनी त्यावर ट्रॅम्पोलीन ठेवलीय. नाताळात ती दोघं नसतात. मेगनने नोकरी बदलली. आणि गेल्या जूनमध्ये, इथे वेलिंग्टनमध्ये खिडक्या हादरवणारा वारा सुटलेला असताना, बाबा गेले. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घर आवरण्यापुरती मी उरले होते.

म्हणून परवा काउंटरवरच्या त्या मुलीला मी खोटं सांगितलं. आज रविवार. साडेपाच वाजलेत. नव्या पुठ्ठ्यातली एक बाटली मी उघडलीय, बर्फ टाकलाय, संत्रं कापलंय. लेबल मोठ्याने वाचून झालं. अर्काशी थांबले, जरा वाट पाहिली. कडू अजून तसंच आहे, उशिरा येणारं आणि बसून राहणारं. आणि मला खूप, अगदी लाज वाटण्याइतकं एकटं वाटतंय.

बाहेर छान ऊन आहे, पण मी मागच्या पायऱ्यांपाशी बसले नाही. या वर्षी तिथलं टेबल आत घेतलंय, आणि त्यावर माझ्या ग्लाससमोर दुसरी एक बाटली ठेवलीय. ती या पुठ्ठ्यातली नाही. ती जूनमध्ये मला बाबांच्या औषधांच्या कपाटात सापडली, जुन्या द्राक्षासवाच्या जागी, न उघडलेली. तिच्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवलीय. बॉलपेनने, थरथरत्या अक्षरात, तीन ओळी.

दिनकर.
जेवणाआधी.
आत बसून.